हातून सुटलेला चेंडू

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं एक लहानसा वाद झाला आणि त्यांत आमचा सपशेल पराभव झाला. प्रतिपक्षीं होती आमच्या थोरल्या बंधूंची नात. वय वर्षें चौदा, इयत्ता नववी. दुपारचीं जेवणें आटोपून आम्ही मागच्या ओसरीवर सुपारी कातरीत बसलों होतों. अंगणांत ती आणि तिचा धाकटा भाऊ चेंडू सरळ वर फेंकून झेलण्याचा खेळ खेळत होतीं. मध्येंच ती चेंडू घेऊन आमच्याजवळ आली आणि म्हणाली, "आजोबा, चेंडू अगदीं वरच्या टोंकाला पोंचतो ना, त्या क्षणीं त्याच्यावर कोणतें बल असतें?"

आम्ही मूळचे संस्कृताचे शिक्षक. परंतु लहान गांवच्या शाळेंत विज्ञानाची जागा रिकामी राहिली म्हणजे तो तास ज्यांच्या गळ्यांत पडे त्यांत आमचीच मान बहुधा पुढें असे; आणि अशा रीतीनें छत्तीस वर्षांच्या नोकरींत निदान वीस वर्षें तरी आम्हीं न्यूटनचे तीन नियम मुलांकडून घोकून घेतलेले आहेत. तेव्हां अडकित्ता खालीं न ठेवतांच आम्हीं उत्तर दिलें: "हाताचें बल चेंडूला वर नेतें, गुरुत्वाकर्षण खालीं ओढतें. हाताचें बल हळूहळू कमी होत जातें. टोंकाला दोन्ही समसमान होतात, म्हणून चेंडू क्षणभर थांबतो."

मुलगी कांहीं वेळ चेंडूकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "पण आजोबा, हात तर खालींच राहिला! आणि दोन्ही बलें सारखीं झालीं तर चेंडू तिथेंच टांगून कां राहत नाहीं?"

याला आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. आम्हीं चहाची वेळ झाल्याचें निमित्त पुढें केलें.

त्या रात्रीं झोंप आली नाहीं, तिचें कारण मात्र हा पराभव नव्हता. बऱ्याच वर्षांपूर्वींची एक उत्तरपत्रिका डोळ्यांपुढें येऊन उभी राहिली. हाच प्रश्न आम्हीं सहामाही परीक्षेंत घातला होता, आणि शेवटच्या बांकावर बसणाऱ्या एका अबोल मुलानें लिहिलें होतें कीं, चेंडू वर जात असतां, टोंकाला असतां आणि खालीं येत असतां त्याच्यावर एकच बल असतें, तें म्हणजे त्याचें वजन. आणि तें सर्व वेळ सारखेंच असतें. आम्हीं त्यावर तांबड्या शाईनें फुली मारली. एवढ्यावर थांबतों तरी बरें होतें. पेपर वांटतांना आम्हीं सर्व वर्गासमक्ष त्याला विचारलें, "मग चेंडूला वर कोण नेतो? तुझा मामा?" वर्ग हंसला. मुलगा खालीं बसला आणि पुढें वर्षभर त्यानें कोणत्याहि प्रश्नाला हात वर केला नाहीं.

हवेचा किंचित् अडथळा सोडला तर त्या मुलाचें उत्तर अक्षरशः बरोबर होतें.

दुसऱ्या दिवसापासून आम्हीं नातीचें विज्ञानाचें पुस्तक आणि कपाटांतील आमचीं संस्कृत पुस्तकें शेजारीं शेजारीं ठेवून वाचावयास घेतलीं. त्यांतून जें हातीं लागलें तें या महिन्यांत वाचकांपुढें ठेवीत आहों. ज्या घरांत नववी-दहावीचीं मुलें आहेत तेथें हा लेख वडील मंडळींनीं आधीं वाचावा. मुलांपेक्षां त्यांनाच तो अधिक अवघड जाण्याचा संभव आहे.

प्रथम एक समाधान. ही चूक एकट्या आमची नव्हे. अमेरिकेंत जॉन क्लेमंट या संशोधकानें वर फेंकलेल्या नाण्याचा हाच प्रश्न अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांस विचारला होता. त्याचा निबंध १९८२ सालीं प्रसिद्ध झाला. बहुतेक विद्यार्थ्यांनीं नाण्यावर हाताचें बल अद्याप लागूं आहे असेंच दाखविलें. आणखी मागें गेलें तर ॲरिस्टॉटल भेटतो. फेंकलेल्या दगडाला सभोंवतालची हवाच पुढें ढकलीत नेते असें त्याचें मत. सहाव्या शतकांत अलेक्झांड्रियाच्या फिलोपोनसनें तें खोडून काढलें आणि म्हटलें कीं, फेंकणारा दगडांतच कांहीं एक चालकशक्ति भरून देतो. चौदाव्या शतकांत पॅरिस येथील ब्युरिडाननें हाच विचार अधिक नेटका केला. म्हणजे आमच्या ओसरीवरील उत्तर अगदींच निराधार नव्हतें. तें सुमारें चौदाशें वर्षें शिळें होतें इतकेंच.

आतां आपल्या घरचें पाहूं. कणादाच्या वैशेषिकसूत्रांचा पांचवा अध्याय कर्माला, म्हणजे गतीला, वाहिलेला आहे, आणि त्याच्या आरंभींच हात आणि मुसळ यांची चर्चा आहे. उखळावर आपटलेलें मुसळ उसळतें तें हाताच्या प्रयत्नानें नव्हे, तर आघातामुळें, आणि त्याच्याबरोबर हातहि उचलला जातो, हें कणादानें स्पष्ट ओळखलें होतें. ज्या गृहिणींनीं चटणी कांडली आहे त्यांस हें निराळें सांगावयास नको. बाणाविषयीं त्याचें म्हणणें असें: पहिली गति प्रत्यंचेच्या ढकलण्यानें, म्हणजे नोदनानें, होते, त्या गतीपासून बाणांत 'वेग' नांवाचा संस्कार उत्पन्न होतो, पुढील साऱ्या गति त्या संस्कारामुळें होतात, आणि संस्कार सरला म्हणजे बाण गुरुत्वामुळें खालीं पडतो. ज्यांनीं तर्कसंग्रह पढला आहे त्यांस वेग, भावना आणि स्थितिस्थापक हे संस्काराचे तीन प्रकार पाठच असतील.

येथें एक घरगुती हकीकत सांगितली पाहिजे. कांहीं दिवसांपूर्वीं आमच्या पुतण्याच्या मोबाइलवर एक संदेश आला. न्यूटनचे तिन्ही नियम कणादानें आधींच सांगून ठेवले आहेत असा त्यांत दावा होता आणि पुराव्यादाखल संस्कृत वाक्याचे तीन तुकडे दिलेले होते. घरांत सर्वांस आनंद झाला. तो संदेश मोठ्यानें वाचून दाखविण्याचा मान आम्हांस मिळाला आणि आम्हींहि तो छाती पुढें काढून वाचला. आतां पुस्तकें उघडल्यावर पाहतों तों ते तुकडे कणादाचे नव्हेत. वेगाचें वर्णन करणाऱ्या प्रशस्तपादाच्या एका वाक्याचे ते तुकडे आहेत. त्याचा अर्थ असा: वेग विशिष्ट निमित्तामुळें कर्मापासून उत्पन्न होतो, ठराविक दिशेनें गतीची परंपरा चालवितो, आणि स्पर्श करतां येईल अशा द्रव्याशीं विशेष संयोग झाला म्हणजे नाश पावतो. यांतील शेवटच्या तुकड्याला संदेशांत 'क्रिया आणि प्रतिक्रिया समान असतात' असा अर्थ चिकटविलेला होता. छत्तीस वर्षें विद्यार्थ्यांच्या अन्वयाच्या चुका काढणाऱ्या आम्हीं तो अन्वय तपासून पाहिला नव्हता.

प्रशस्तपाद हा सूक्ष्म विचाराचा पुरुष होता. पडणाऱ्या वस्तूचें पहिलें पतन गुरुत्वानें आणि त्यानंतरचीं पतनें गुरुत्व व संस्कार या दोहोंनीं होतात असें त्यानें म्हटलें आहे. पडतां पडतां वेग कां वाढत जातो या प्रश्नाच्या अगदीं उंबरठ्यावर हें वाक्य उभें आहे. एवढें खरें वैभव पदरीं असतां दुसऱ्याचे नियम त्याच्या तोंडीं घालण्याचें कारण आम्हांस तरी दिसत नाहीं. परंतु कणाद, प्रशस्तपाद, फिलोपोनस, ब्युरिडान आणि ओसरीवर बसलेले आम्ही, या सर्वांचें एका गोष्टीवर एकमत होतें: गति चालूं राहण्यास कारण लागतें. आणि नेमकें तेंच चुकीचें आहे.

गति चालूं राहण्यास कांहींच कारण लागत नाहीं. कारण लागतें तें गति बदलण्यास. थांबलेल्याला चालविणें, चालत्याला थांबविणें, वेग वाढविणें, कमी करणें किंवा दिशा वळविणें, यांपैकीं कांहीं घडलें तरच 'कोणाचें बल?' असा प्रश्न विचारावा. गॅलिलिओनें १६३२ आणि १६३८ सालच्या आपल्या ग्रंथांतून हा विचार पुढें आणला. उतारावरून सोडलेली गोळी समोरच्या चढावर जवळजवळ मूळच्या उंचीपर्यंत चढते. तो चढ सौम्य केला तर तीच उंची गांठण्यास ती अधिक लांब जाते. आणखी सौम्य केला तर आणखी लांब. मग चढ मुळींच नसला, अगदीं सपाट असला, तर? ती उंची कधींच यावयाची नाहीं, आणि गोळीला थांबण्याचेंहि कारण उरणार नाहीं. न्यूटननें १६८७ सालीं हाच पहिला नियम म्हणून मांडला.

आपणांस हें पटत नाहीं, कारण आपलें सारें आयुष्य घर्षणांत जातें. गाडी ओढणारा बैल थांबला कीं गाडी थांबते, म्हणून गति बैलामुळें असें वाटतें. वास्तविक बैल आपला बहुतेक दम चाकाच्या आणि रस्त्याच्या घर्षणाची भरपाई करण्यांत खर्च करीत असतो. घरांतील कॅरमच्या फळीवर याचा पडताळा घ्यावा. जुन्या खरखरीत फळीवर मारलेला स्ट्रायकर वीतभर जाऊन थांबतो. बोरिक पावडर टाकून फळी घोटली कीं तेवढ्याच टिचकीनें तो पलीकडच्या कडेवर आपटून परत येतो. टिचकी तीच; कमी झाला तो विरोध. विरोध जवळजवळ नाहींच अशा ठिकाणचें उदाहरण हवें असेल तर १९७७ सालीं अमेरिकेनें सोडलेलें 'व्हॉयेजर १' हें यान घ्यावें. तें सेकंदास सुमारें १७ किलोमीटर या वेगानें सूर्यापासून दूर चाललें आहे आणि त्याला पुढें ढकलीत नेणारें कोणतेंहि यंत्र चालूं नाहीं. सूर्याची क्षीण ओढ त्याचा वेग किंचित् कमी करते, एवढेंच.

हा विचार मनांत ठसला म्हणजे आपल्याच ज्योतिषांतील एक जुना तंटा मिटतो. आर्यभटानें इसवी सन ४९९ मध्यें पृथ्वी स्वतःभोंवतीं फिरते असें सांगतांना नावेचा दृष्टांत दिला: नावेंत बसून पुढें जाणाऱ्यास तीरावरच्या स्थिर वस्तु मागें जातांना दिसतात, तशींच स्थिर नक्षत्रें पश्चिमेस जातांना दिसतात. यावर वराहमिहिरानें पंचसिद्धांतिकेंत हरकत घेतली कीं, पृथ्वी जर फिरत असती तर आकाशांत उडालेले पक्षी आपल्या घरट्यास परत कसे पोंचले असते? हरकत पोरकट नव्हे. पुण्याच्या अक्षांशावर जमीन पूर्वेकडे सेकंदास सुमारें ४४० मीटर सरकत असते. आमची नात चेंडू पांच मीटर उंच फेंकते तेव्हां तो वर जाण्यास एक सेकंद आणि खालीं येण्यास एक सेकंद घेतो. तेवढ्यांत आमचें अंगण, ओसरी आणि आम्ही अडकित्त्यासह जवळजवळ नऊशें मीटर पुढें गेलेले असतों. तरीहि चेंडू बरोबर तिच्या ओंजळींत पडतो. कारण फेंकण्याच्या आधींच चेंडूला पृथ्वीची ती पूर्वेकडील गति मिळालेली आहे, आणि हात सुटला म्हणून ती जाण्याचें कांहीं कारण नाहीं. पक्ष्याचेंहि तसेंच, आणि ज्या हवेंत तो उडतो तिचेंहि. गॅलिलिओनें १६३२ च्या ग्रंथांत हें उत्तर जहाजाच्या दृष्टांतानें दिलें. १६४० सालीं गॅसेंडी यानें मार्सेल्सच्या बंदराजवळ वेगानें चाललेल्या गलबताच्या डोलकाठीवरून गोळे सोडून ते काठीच्या पायथ्याशींच पडतात हें दाखविलें. आर्यभटाचा सिद्धांत खरा होता. वराहमिहिरास पटेल असें उत्तर मात्र सुमारें अकराशें वर्षांनीं आलें.

एवढें समजल्यावर नातीच्या प्रश्नाचें उत्तर सोपें आहे. हात सुटला त्या क्षणीं हाताचें बल संपलें. त्यानंतर चेंडूवर केवळ पृथ्वीची ओढ आहे. वर जातांना ती वेग कमी करते, टोंकाला वेग शून्य असतांहि ती कमी होत नाहीं, आणि म्हणूनच चेंडू तेथें टांगून न राहतां खालीं वळतो. वेग शून्य होणें आणि बल शून्य होणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

या घोटाळ्यांत कांहीं दोष शब्दाचाहि असावा. शाळापुस्तकांत ज्यास 'बल' म्हणतात त्यास मराठी विश्वकोशांत 'प्रेरणा' म्हटलें आहे, आणि आम्हांस तो शब्द अधिक रुचतो. बल म्हटलें कीं तें कोणाच्या तरी अंगीं असतें. भीमाच्या अंगीं होतें. पदार्थविज्ञानांतील बल कोणाच्याहि अंगीं नसतें. तें दोन वस्तूंमधील व्यवहारांत असतें, आणि व्यवहार थांबला कीं संपतें. व्यवहार म्हटला म्हणजे दोन्ही पक्ष आले. मुसळ उखळाला जेवढें दाबतें तेवढेंच उखळ मुसळाला उलट दाबतें. न्यूटनचा तिसरा नियम तो हाच.

"मग हातानें चेंडूला कांहींच दिलें नाहीं का?" हें आमच्या वहिनींनीं विचारलें, त्या दाराआडून सर्व ऐकत होत्या. प्रश्न मर्माचा आहे. हातानें दिलें, पण जें दिलें तें बल नव्हे. हातानें दिली ती ऊर्जा. चेंडू जणूं आपल्या गांठीं ती बांधून घेतो, वर चढतांना वेगाच्या रूपांतली ऊर्जा उंचीच्या रूपांत बदलीत जातो, टोंकाला ती सारी उंचीच्या खातीं जमा होते आणि खालीं येतांना पुन्हां वेगाच्या खातीं वळते. आकडा हवा असेल तर शंभर ग्रॅमची वस्तु एक मीटर उचलण्यास सुमारें एक जूल ऊर्जा लागते. क्रिकेटचा चेंडू भरतो सुमारें एकशेंसाठ ग्रॅम. तो पांच मीटर चढविण्यास आठ जूल. कणादाच्या बाणांत जो 'वेग' वसत होता त्याला आजच्या शास्त्रांत जवळची अशी वस्तु शोधावयाची तर ती ही ऊर्जा किंवा तिचा सोबती संवेग; बल नव्हे. फरक इतकाच कीं, यांतील कशालाहि गति चालूं ठेवण्याचें काम करावें लागत नाहीं.

ही ऊर्जा वेगाबरोबर कशी वाढते याविषयीं युरोपांत मोठा वाद माजला होता. पुष्कळांचें मत होतें कीं वेग दुप्पट तर जोर दुप्पट. लाइबनिझ म्हणे, चौपट. हॉलंडांतील 'स ग्राव्हेसांड या प्राध्यापकानें मऊ मातीवर पितळेचे गोळे टाकून पाहिले. वेग दुप्पट व्हावयाचा तर गोळा चौपट उंचीवरून सोडावा लागतो. अशा गोळ्यानें मातींत पाडलेला खळगा दुप्पट नव्हे, चौपट भरला. हा प्रयोग ध्यानीं घेऊन वर्गाच्या नियमाची बाजू जिनें हिरिरीनें मांडली ती एक फ्रेंच विदुषी होती, एमिली द्यु शातले. तिचा पदार्थविज्ञानावरील ग्रंथ १७४० सालीं निघाला. न्यूटनच्या महाग्रंथाचें फ्रेंच भाषांतरहि तिचेंच; १७४९ सालीं बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत ती वारली आणि भाषांतर १७५९ सालीं संपूर्ण प्रसिद्ध झालें.

हा चौपटीचा हिशेब आमच्या घरांत सध्यां निकडीचा झाला आहे, कारण पुतण्याच्या थोरल्या मुलास कॉलेजांत जाण्यासाठीं स्कूटर घेण्याचें घाटत आहे. "ताशीं तीसच्या ऐवजीं साठनें गेलों तर धोका दुप्पट, एवढी काळजी घेईन," असें तो म्हणतो. त्याच्यापुढें आम्हीं कागद ठेवला. कोरड्या चांगल्या रस्त्यावर पक्का ब्रेक लागला तर तीसच्या वेगानें गाडी सुमारें पांच मीटरांत थांबते, साठच्या वेगानें वीस मीटरांत. यांत ब्रेक दाबण्याचें सुचेपर्यंत जाणारा सेकंद धरलेला नाहीं. त्या सेकंदांत तीसनें आठ मीटर आणि साठनें जवळजवळ सतरा मीटर गाडी तशीच पुढें जाते. बेरीज तेरा आणि सदतीस. आणि गाडी एकाएकीं अडली तरी स्वाराला अडविण्यास कोणी नाहीं. एसटीनें ब्रेक मारला म्हणजे 'धक्का बसून पुढें गेलों' असें आपण म्हणतों. धक्का कोणीच दिलेला नसतो, बस थांबते आणि आपण मूळच्याच वेगानें चालूं राहतों. स्कूटरस्वाराचें डोकेंहि तसेंच चालूं राहतें. मुलानें कागद घडी करून खिशांत घातला. हेल्मेट आधीं आणि स्कूटर मागाहून, असें घरांत ठरलें आहे.

मुलांसाठीं एक प्रश्न ठेवतों. माजघरांतला झोपाळा झोक्याच्या शेवटच्या टोंकाला क्षणभर थांबतो, त्या क्षणीं त्यावर बसलेल्या मुलाची ऊर्जा कोणत्या खातीं असते, आणि त्याच्यावर बलें किती? चेंडूहून येथें एक अधिक आहे. कागदावर चित्र काढल्यावांचून उत्तर देऊं नये. आम्हीं तसें दिलें आणि काय झालें तें वर आलेंच आहे.

हें सर्व नातीस समजावून सांगतांना त्या उत्तरपत्रिकेची गोष्टहि सांगितली. ती गंभीर झाली आणि म्हणाली, "मग आजोबा, तुम्ही त्याला कळवलंत का, की तो बरोबर होता म्हणून?"

कळविलें नव्हतें. त्याचें नांव आम्हांस आठवतें, आडनांवहि आठवतें. गांवीं विचारपूस चालूं केली आहे. त्याच्या वर्गांतील एक गृहस्थ अद्याप तेथेंच दुकान चालवितात, त्यांनीं पत्ता मिळवून देण्याचें कबूल केलें आहे. पत्र लिहून तयार आहे. प्रश्न दोन गुणांचा होता, तेंहि त्यांत लिहिलें आहे.